नोकरी बदलावी, पेशा इतक्यात नको

प्रश्न : मुलगी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झाली. पुण्यात बालकांसाठी काम करणाऱ्या संस्थेत केसवर्कर आहे, म्हणजे एकेका मुलाच्या प्रकरणाचा पाठपुरावा करते. रात्री-अपरात्री फोन येतात, जेवणाकडे लक्ष नाही, घरी आली की गप्प असते. धाकट्या भावाला क्लासलाही एकटं सोडत नाही. तिचे बाबा म्हणतात, राजीनामा दे, बँकेच्या परीक्षा दे. काय करावं? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, भावाबद्दल लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. हा तिचा विक्षिप्तपणा नव्हे. अत्याचार सोसलेल्या लेकरांच्या हकिकती रोज ऐकणाऱ्याला घराबाहेर सगळीकडे धोकाच दिसू लागतो. मानसशास्त्रात याला दुय्यम आघात म्हणतात. त्यावर उपचार आहेत. झोप आणि जेवण बरेच दिवस बिघडलेलं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. सुरुवातीला ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलली तरी चालेल.

आता नोकरीचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याची, नोंद घेतली, ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. त्यामुळे ‘मुलगी हळवी आहे’ एवढ्यावर थांबू नका. बाल न्याय कायद्याप्रमाणे अत्याचार सोसलेलं मूल सापडलं की २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं, म्हणून रात्रीचे फोन टळत नाहीत. पण दर रात्री तिनेच का उचलायचे? पाळ्या लावता येतात.

दुसरं, मला जास्त खटकणारं. एमएसडब्ल्यूला असताना फिल्डवर्कचा अहवाल लिहून मार्गदर्शकांशी नियमित बोलणं व्हायचं. पुष्कळ संस्थांत नोकरी लागली की ते बंद होतं. वरिष्ठ विचारतात ते केस बंद झाली का, एवढंच. मनावरचं ओझं उतरवायला जागाच उरत नाही. रात्रीच्या फोनच्या पाळ्या आणि वरिष्ठांशी असं नियमित बोलणं, तिने आधी संस्थेकडे या दोन गोष्टी लेखी मागाव्यात. पेशा सोडण्याचा निर्णय त्यानंतर.

नाहीच जमलं तर तिच्या पदवीवर इतर वाटा आहेत : रुग्णालयातलं वैद्यकीय समाजसेवकाचं पद, कौटुंबिक न्यायालयातलं विवाह समुपदेशकाचं काम. तिथेही माणसांची दुःखंच समोर येतात, पण कामाच्या वेळा बऱ्याच अंशी ठरलेल्या असतात. बँकेची परीक्षा तिला स्वतःला हवी असेल तर जरूर द्यावी, मात्र इतक्या थकव्यात अभ्यास होणार नाही. आधी रजा घेऊ द्या.

नव्या मुलाखतीला गेली तर पगाराआधी तिने विचारावं : एका केसवर्करकडे किती केसेस असतात, रात्रीचा फोन कोणाकडे असतो, करार किती महिन्यांचा, आणि अवघड केसनंतर मी बोलायचं कोणाशी?