घरी सुमारे चारशे सीडी आहेत. त्या साठवून दोन खोल्यांत ऐकण्यासाठी कोणता संगणक घ्यावा?

माझ्या मते संगणकाची निवड सर्वांत शेवटी करावी. संगणक काही वर्षांनी बदलतोच. फाइली मात्र कायम राहतात आणि चारशे सीडी दुसऱ्यांदा रिप करण्याचा, म्हणजे त्यांतले संगीत संगणकावर उतरवून घेण्याचा, उत्साह सहसा कोणात उरत नाही. म्हणून खरी मेहनत तिथे घ्यावी.

फाइली फ्लॅक या दर्जा न घटवता आकार कमी करणाऱ्या स्वरूपातच ठेवा. सीडीवर दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने असतात, म्हणजे दोन्ही वाहिन्या मिळून मिनिटाला सुमारे १० एमबी होतात. फ्लॅकमध्ये ते साधारणपणे निम्म्या-पाऊण जागेत मावतात आणि मूळ ध्वनीतला एकही बिट हरवत नाही. मोबाइलसाठी एमपी३ लागले, तर ते फ्लॅकवरून केव्हाही तयार करता येते; एमपी३ मध्ये गाळला गेलेला तपशील मात्र पुन्हा मिळवता येत नाही. सीडीमागे ४०० एमबी धरले, तरी तुमचा सारा संग्रह १६० जीबीत बसतो, त्यामुळे जागेसाठी तडजोड करण्याचे काहीच कारण नाही.

विंडोजवर रिपिंगसाठी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर वापरावे. त्यातली अ‍ॅक्युरेटरिप ही सोय तुमच्या रिपची बेरीज-खूण (चेकसम, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून काढलेला ओळख-आकडा) त्याच सीडीच्या इतरांनी केलेल्या रिपशी ताडून पाहते. ती जुळली, की ओरखडे असलेली सीडीही नीट वाचली गेली असे खात्रीने म्हणता येते.

टॅगकडे, म्हणजे फाइलमध्येच नोंदलेल्या गाणे, गायक, अल्बम अशा माहितीकडे, बहुतेक जण दुर्लक्ष करतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण संग्रह हाती लागतो तो टॅगमुळेच. अनेक गायकांच्या सीडीत ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना रिकामा राहिला, तर काही प्लेअर त्या एका अल्बमचे दहा तुकडे करून दाखवतात. म्हणून म्युझिकब्रेन्झ पिकार्ड या सॉफ्टवेअरने टॅग भरावेत, पण त्यावर डोळे झाकून विसंबू नये; प्रत्येक अल्बमवर स्वतः नजर फिरवावी आणि गायकाच्या नावाचे एकच शुद्धलेखन सर्वत्र ठेवावे.

एवढे झाले, की संगणक कोणताही चालतो. जुन्या लॅपटॉपवर किंवा पंखा नसलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर लिरियन म्युझिक सर्व्हर हे घरभर संगीत पुरवणारे सॉफ्टवेअर बसवा, प्रत्येक खोलीत एक छोटा प्लेअर ठेवून त्याला यूएसबी डॅक (डिजिटल संकेतांचे ध्वनिसंकेतांत रूपांतर करणारे उपकरण) जोडा; दोन्ही खोल्यांत एकच गाणे एका वेळी वाजवायचे असेल, तर लिरियनमध्ये प्लेअर एकमेकांशी जोडताही येतात. शक्य तिथे वाय-फायऐवजी केबल वापरावी.

दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवणारी रेड-१ रचना म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी जाते. एक प्रत वेगळ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर ठेवावी. फ्लॅक फाइलमध्ये मूळ ध्वनीची एमडी५ खूण साठवलेली असते, त्यामुळे अधूनमधून साऱ्या फाइली तपासून एखादी बिघडली असल्यास ओळखता येते. बॅकअपची जुनी प्रत नव्याने भरण्यापूर्वी ही तपासणी अवश्य करावी, नाहीतर बिघडलेली फाइल चांगल्या फाइलच्या जागी जाऊन बसेल.