रिइम्बर्समेंटला परतफेड म्हणावे का?

नेरूळच्या एका सोसायटीच्या चिटणीसबाईंचा प्रश्न आहे. पाण्याच्या टाकीची मोटर ऐन रविवारी जळाली. एका सभासदाने स्वतःच मेकॅनिक बोलावून पैसे भागवले. कार्यकारिणीने त्याचे 'रिइम्बर्समेंट' मंजूर केले. आता इतिवृत्तात लिहायचे काय? परतफेड, परतावा की आणखी काही?

परतफेड नकोच. फेडायचे ते कर्ज, नवस, नाहीतर आईबापांचे पांग. 'परतफेड' लिहिले, तर सभासदाने सोसायटीला उसने पैसे दिले होते असा अर्थ निघेल आणि हिशेबतपासनीस कर्जाचा ठराव मागत बसतील. परतावा त्यातल्या त्यात जवळचा, पण तो ज्याला पैसे दिले त्याच्याकडूनच येतो. तिकीट रद्द केले की रेल्वे देते, कर जास्त कापला गेला की आयकर खाते देते. इथे मेकॅनिकने काहीच परत केलेले नाही. पैसे देणार सोसायटी.

रिइम्बर्समेंटची गोम तीच आहे. खर्च एकाने केला, तो मुळात दुसऱ्याने करायचा होता, म्हणून त्या दुसऱ्याने भरून द्यायचा. शब्दाच्या पोटात लॅटिन 'बुर्सा', म्हणजे थैली. पर्स त्याच कुळातली आणि कर्ज 'डिस्बर्स' होते तेही तिथूनच. आपल्याकडे थैलीऐवजी पदर आहे. आधी पदरमोड, मग तिची भरपाई. बोलताना 'सोसायटीने खर्च भरून दिला' म्हटले की काम भागते, आणि मला तरी तेच जास्त आवडते.

कागदावर मात्र 'प्रतिपूर्ती' रुळला आहे. सरकारी कर्मचारी वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचा प्रस्ताव देतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी शाळांत २५ टक्के जागांवर मोफत शिकणाऱ्या मुलांपोटी सरकार शाळांना जे देते, ती शुल्क प्रतिपूर्ती. त्यातही शाळेची प्रत्यक्ष फी आणि सरकारचा दर मुलामागचा खर्च, यांत जे कमी तेच मिळते. म्हणजे शब्दात 'पूर्ती' असली तरी खर्च पुरा भरून निघेलच असे नाही! मेडिक्लेमवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. कॅशलेस नसेल तर आधी बिल आपण भरायचे, मग मूळ पावत्या आणि डिस्चार्ज कार्ड जोडून वाट पाहायची.

भत्त्याशीही गल्लत होते. ऑफिसच्या कामाला ठाण्याहून तुर्भ्याला रिक्षाने गेलात आणि पावती लावून तेवढेच पैसे घेतलेत, तर ती प्रतिपूर्ती. गेलात न गेलात तरी दरमहा ठरलेली रक्कम पगारात येत असेल, तर तो भत्ता. नुकसानभरपाई आणखी निराळी: तिथे खर्च केलेलाच असावा लागतो असे नाही, नुकसान झालेले असावे लागते.

तेव्हा चिटणीसबाई, बिनदिक्कत लिहा: 'मोटर दुरुस्तीसाठी सभासदाने स्वतः केलेल्या खर्चाची, पावती पाहून, प्रतिपूर्ती करण्यास मंजुरी देण्यात आली.' 'पैशांची प्रतिपूर्ती' नको, प्रतिपूर्ती खर्चाची होते. आणि शेवटचा 'ती' दीर्घ. हा शब्द समासात पहिले पद झाला तर तो 'ती' ऱ्हस्व होतो, जसे 'प्रतिपूर्तिदेयक'. पण इतका जड शब्द सोसायटीच्या नोटीसबोर्डावर कशाला हवा?