टोपी बसते, फेटा बांधतात

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

लंडनच्या स्किनर्स कंपनीत, म्हणजे १३२७ साली राजाची सनद मिळालेल्या फर-व्यावसायिकांच्या संघात, नवा प्रमुख नेमताना मानाची टोपी आधी इतरांच्या डोक्यावर ठेवून ‘बसत नाही’ म्हणून काढून घेतात आणि निवडलेल्याच्याच डोक्यावर ती नेमकी बसते, हे शाळेत ऐकून आल्यावर तू मला विचारलेस, की मराठी मुलखातील कारागिरांचेही असे संघ होते का आणि त्यांची टोपी कोणती.

संघ होते. त्यांना श्रेणी म्हणत. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दरमहा शेकडा एक व्याजाने कायमची ठेव म्हणून ठेवले. वर्षाला व्याज २४० होते, लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणारे भिक्षू २० आणि प्रत्येकाला वस्त्रासाठी १२. हिशेब तू करून पाहा, चोख जुळतो. आणखी १००० त्याने दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने ठेवले. राजाच्या जावयाने पैसा विणकरांकडे ठेवावा, यावरून त्यांची पत कळते.

त्या विणकरांच्या डोक्यावर काय होते, याबद्दल लेखात अवाक्षर नाही. पुढील काळात मात्र आपल्याकडे मान दिला जाई तो शिरपावाने, म्हणजे पागोट्यासह पूर्ण पोशाखाने. (टोपी घालणे म्हणजे आपल्याकडे फसवणे, हे तुझ्या शिक्षकांना सांगू नकोस.) २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली पुणेरी पगडी पगडबंद घडवून देतो, त्यामुळे ती टोपीसारखी नुसती डोक्यावर ठेवता येते, फेट्याचे तसे नाही. तो दर वेळी नव्याने बांधावा लागतो आणि मानाचा असला तर तो दुसऱ्यानेच बांधायचा असतो.

येवल्याला आजोबांच्या तेराव्याला मी हे जवळून पाहिले. माग आता मोठ्या काकांनी चालवायचा होता. ते पाटावर बसले, त्यांच्या मामांनी कापडाचे एक टोक माझ्या हातात देऊन मला अंगणाच्या पार दुसऱ्या कडेला उभे केले, कापडाला पीळ दिला आणि थरथरत्या हातांनी एकेक वेढा घेत फेटा बांधला. पहिला वेढा सैल पडला, तेव्हा तो सोडून त्यांनी पुन्हा बांधला. सगळे मुकाट्याने थांबले. डोके फेट्यात बसते की नाही, हे कुणी पाहत नव्हते. डोक्याप्रमाणे फेटाच बांधला जात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी फेटा खुंटीला टांगला आणि ते मागावर बसले. आजोबांनी अर्धवट सोडलेला पदर अजून तसाच लावलेला होता.

तुझा,
बाबा