दारात कोणी अडवले होते?

"तिथे आता माझे कोणीच राहिले नाही," हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी किती जणांच्या तोंडून ऐकले असेल! कधी ते भजनी मंडळाबद्दल असते, कधी ट्रेकच्या सोबत्यांबद्दल. निवडणूक येते, एकेकाची मते उघड होतात आणि जिथे मन रमत होते तिथेच परके वाटू लागते. माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या एका विज्ञानकथाप्रेमी गृहस्थांमुळे या दुखण्याचे मूळ मला अधिक नेमके कळले. ओळख पटू नये एवढे तपशील मी बदलले आहेत.

चाळिशी ओलांडलेले हे अभियंते पुण्यातल्या एका वाचकगटात अकरा वर्षे जात होते. नारळीकरांच्या कथांच्या ओढीने जमलेली ही दहा-बारा माणसे महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी भेटत. शाळेत आणि कार्यालयात कधी फारसे न मिसळलेल्या या माणसाला तिथे जिवाभावाची मंडळी मिळाली होती. २०२४च्या निवडणुकीच्या दिवसांत गटातल्या एका ज्येष्ठ काकांशी व्हॉट्सॲपवर त्यांचा वाद झाला आणि त्याच रात्री ते गटातून बाहेर पडले.

"राजकारणाने मला तिथून हाकलले," असे ते प्रत्येक भेटीत म्हणत. काकांनी वाचायला दिलेले एक पुस्तक त्यांच्या बॅगेत महिनोन्‌महिने तसेच होते. एकदा त्यांनी ते मला दाखवले. पानोपानी काकांची पेन्सिलीतली बारीक टिपणे होती आणि त्यांखाली यांची प्रत्युत्तरे. मंगळावरच्या वसाहतीत मतदानाचा हक्क कोणाला असावा, यावर तर दोघांनी समास भरून टाकला होता.

"म्हणजे राजकारण तुमच्यात पहिल्यापासून होतेच की," मी म्हटले.

ते थोडे हसले आणि मग त्यांनीच मला एक हकिगत सांगितली. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथाप्रेमींचे पहिले जागतिक संमेलन भरले, तेव्हा पत्रके वाटून गोंधळ घालतील या संशयावरून आयोजकांनी सहा तरुणांना आत येऊ दिले नाही. त्यांच्या गटाचा कल डावीकडे होता. त्या सहांपैकी फ्रेडरिक पोल पुढे 'गॅलक्सी' मासिकाचे संपादक झाले, आणि १९६८ मध्ये त्याच मासिकात व्हिएतनाम युद्धाला पाठिंबा देणाऱ्या आणि विरोध करणाऱ्या लेखकांच्या सह्यांची दोन निवेदने समोरासमोरच्या पानांवर छापली गेली.

सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. मी विचारले, "आणि तुम्हाला दारात कोणी अडवले होते?"

ते बराच वेळ पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "कोणीच नाही. मी निघालो. पण मॅडम, अकरा वर्षांनंतर एकाचाही फोन येऊ नये?"

घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ माणसाला अधिक छळतो, असे मी या व्यवसायात आल्यापासून मानत आले आहे, आणि तो अर्थ हाती लागेपर्यंत घाई न करण्याची सवय मी स्वतःला लावून घेतली आहे. त्या दिवशी तो हाती लागला. मतभेद त्यांना जुनेच होते. आपल्यावाचून कोणाचे काही अडले नाही, हा समज त्यांना पोखरत होता आणि तो त्यांनी एकदाही पडताळून पाहिला नव्हता.

अशा वेळी मी दोन प्रश्न वेगळे करायला सांगते. समोरच्याला माझे मत अमान्य आहे की माझे असणेच? जात, धर्म किंवा लिंग यांवरून जिथे रोज पाणउतारा होतो, तिथून खुशाल बाहेर पडावे. तिथे चिकटून राहण्याला मी सहनशीलता म्हणत नाही. मात्र प्रश्न मताचा असेल तर वाद जिंकण्याचा नाद सोडून आपल्याला काय लागले तेवढे सांगावे, आणि तेही प्रत्यक्ष भेटून, कारण मोबाइलवरच्या अक्षरांना आवाज नसतो. सगळ्यांनी आपल्याशी सहमत असलेच पाहिजे, यातला 'च' तेवढा काढून पाहावा.

पुढच्या आठवड्यात ते पुस्तक परत करायला गेले. काकांनी दार उघडले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "मला वाटले, तुलाच आता आम्ही नकोसे झालोत."