वाचक विचारतात: जुन्या शिडाच्या बोटीचं घसरतं डेक

प्रश्न (पवनी तालुका, जि. भंडारा): आम्ही मित्रांनी मिळून मुंबईवरून एक जुनी फायबरची शिडाची बोट आणली आहे, सोळा फुटी, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात चालवून राहिलो. पण कॉकपिट (मधातली बसायची खोलगट जागा) पार उतरलं आहे, हाताचं बोट फिरवलं की पांढरी पावडर लागते, डेकवरची खरखरीत नक्षी झिजून गेली, ओला पाय ठेवला की सरळ घसरगुंडी. सुकाणूजवळ एका जागी तर पायाखाली दबल्यासारखं वाटते. गावातला डेंटिंग-पेंटिंगवाला म्हणते, गाडीचा रंग मारतो न् वरून रेती भुरभुरतो. मारू द्यावा का?

उत्तर: आत्ताच नको भाऊ. रंगात काही वाईट नाही, गाडीचा हार्डनरवाला (कडक करणारं द्रव मिसळायचा) पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग पाण्याच्या वरच्या भागाला चालून जातो, पण तुमच्या पत्रातली खरी गोष्ट ती दबणारी जागा आहे आणि ती तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिली.

अशा बोटींच्या डेकमध्ये बहुतेक वेळा फायबरचे दोन थर असतात आणि मधात बाल्सा लाकूड नाहीतर प्लाय. स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी झिरपते, मधातलं लाकूड सडते आणि वरचा थर सुटतो. स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्या न् पूर्ण कॉकपिट ठोकत चला, चांगल्या जागी टण्ण वाजते, खराब जागी भद्द, जिथं आवाज बदलते तिथं पेन्सिलीनं रेघ मारत जा, थोड्या वेळात नकाशाच तयार होतो. मग त्या नकाशातला एखादा स्क्रू काढून पहा, भोकातून तपकिरी पाणी किंवा काळा भुगा निघाला तर रंगाचा विषय तिथंच थांबवा. वरचा थर कापून उचलायचा, सडकं लाकूड खरवडून काढायचं, आतून पूर्ण वाळू द्यायचं (आपल्या उन्हानं निदान एवढं तरी काम करावं), इपॉक्सीत (दोन भाग मिसळून घट्ट होणारा डिंक) नवा प्लाय बसवायचा आणि वरून फायबर. स्क्रूची भोकंसुद्धा मोठी करून इपॉक्सीनं भरायची आणि त्यातच नवीन भोक पाडायचं, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. सिलिकॉन मात्र भरू नका, त्याचा अंश राहिला की त्यावर कोणताच रंग धरत नाही.

आता पावडर. ती म्हणजे उन्हानं मेलेला जेलकोट, फायबरवरचा सगळ्यात बाहेरचा चकचकीत थर. इथं लोक थेट पॉलिश पेपर घेऊन बसतात आणि काम बिघडते, कारण जुनं वॅक्स न् तेल घासण्यानं निघत नाही, उलट ओरखड्यांमध्ये जाऊन बसते. आधी साबणानं धुवा, मग वॅक्स काढायचं सॉल्व्हेंट एका फडक्यानं लावा आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोऱ्या फडक्यानं पुसून घ्या, फडकी बदलत रहा, आणि त्यानंतरच ८० नंबरचा पेपर, मग १२०. शेवटी पाणी शिंपडून पहा, सारखं पसरलं तर जागा साफ, थेंब थेंब जमले तर परत धुवा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा असतील तर त्या खरवडून रुंद करा न् इपॉक्सीची लांबी (पुट्टी) भरा, वरवर लेप दिला तर भेग परत वर येते. गाडीची लांबी कॉकपिटमध्ये नको, ती ओल पिते.

नक्षी जिथं थोडी शिल्लक आहे तिथं पेपर फक्त उंचवटेच घासतो, खाचा तशाच राहतात, म्हणून ताठ ब्रश न् स्कॉचब्राइट वापरा. जिथं पार गेली तिथं सपाट करून नवा खरखरीतपणा द्यायचा. रेतीनं पकड येते, नाही असं नाही, पण शिडाच्या बोटीत माणूस अर्धा वेळ गुडघ्यावर नाहीतर बुडावर असतो, रेती चड्डी फाडते न् गुडघे सोलते. आणि तुम्ही चढणार कुठून, धक्का थोडाच आहे, काठच्या गाळातून. काळा चिखल टोकदार रेतीत असा बसते की ब्रशनं निघता निघत नाही, आणि चिखल भरलेलं डेक परत घसरतेच. म्हणून रंगात मिसळायचे प्लास्टिकचे बारीक गोल दाणे घ्या, किंवा जाड ॲक्रेलिक रंग जाळीदार रोलरनं लावा, त्याचे बोथट टोक उठतात. मीठ भुरभुरून, रंग वाळल्यावर धुऊन टाकायची जुनी युक्तीसुद्धा चालते, मिठाच्या जागी खड्डे राहतात, पण पकड बेताचीच.

खरखरीत पट्टे कडेपर्यंत नेऊ नका. कोपरे, क्लीट (दोर बांधायची खुंटी), पाणी निघायची भोकं यांच्याभोवती इंचभर गुळगुळीत जागा सोडा, पाणी तिथूनच वाहते न् साफ करायला सोपं जाते. पट्ट्यांची कड आखायला लावलेल्या टेपचे कोपरे वाटीनं गोल कापा, आणि टेप रंग ओला असतानाच काढा, वाळल्यावर ओढली तर कड दातेरी निघते.

रंग फिकाच घ्या, पांढरा किंवा साय. आपल्याकडं ४५ डिग्रीत गडद डेकवर अनवाणी उभं राहून दाखवा. काम दिवाळीनंतर ते होळीच्या आत, सावलीत. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हात) हार्डनर डब्यातच गोठायला लागते न् रोलरचे फुगे तसेच राहतात. हिवाळ्यात दव वाळल्यावर सुरू करा आणि संध्याकाळच्या बऱ्याच आधी थांबा, ओल्या पीयूवर दव पडलं की चमक मरते. स्प्रे अजिबात नको, हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला घातक आहे आणि तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. रोलर न् ब्रश पुष्कळ.

प्रश्न (रामटेक): छोट्या बोटीच्या तळाला आधी ऑइल पेंट होता, त्यावर हार्डनरवाला रंग मारला तर सगळा सुरकुतला. काऊन?

उत्तर: हार्डनरवाल्या रंगाचं थिनर जहाल असते, खालचा ऑइल पेंट त्यानं उकलतो. आता सगळं खरवडल्याशिवाय गत नाही. पुढच्या वेळी थिनरचं ओलं फडकं थोडा वेळ ठेवून पहा, जुना रंग मऊ पडला तर काढूनच टाका.

प्रश्न (मोहाडी): जेलकोटचा पॅच चार दिवसांपासून चिकटच आहे.

उत्तर: साधा जेलकोट हवेशी लागून असला की वरून चिकट राहतोच, शेवटच्या हातात वॅक्सचं मिश्रण टाकावं लागते. हार्डनर वाढवू नका, १ ते २ टक्केच. खालची दुरुस्ती इपॉक्सीची असेल तर कारण तेही असू शकते, इपॉक्सीवर जेलकोट नीट पिकत नाही, तिथं पीयूच मारा.