क्रोएशियातील हँडबॉलचा इतिहास म्हणजे आरके (म्हणजे हँडबॉल क्लब) झाग्रेब या एकाच क्लबचा इतिहास आहे का?

नाही. एका शब्दात उत्तर द्यायचे तर ते एवढेच आहे. परंतु प्रश्नाच्या तपशिलात आपण असेही लिहिले आहे की मोठा क्लब मोठ्या शहरातच उभा राहू शकतो, त्यामुळे झाग्रेबखेरीज इतर गावांचा इतिहास दुय्यमच असणार. आणि शेवटी, एवढ्या लहान देशात हा खेळ इतका रुजला कसा, असे विचारले आहे. यांतील मधल्या विधानाशी मी वीसहून अधिक वर्षे भांडत आले आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे.

झाग्रेबचे मोठेपण मी नाकारत नाही. हा क्लब आपली स्थापना १९२२ सालची सांगतो. १९९२ साली स्पेनच्या तेका सांतांदेरला आणि १९९३ साली जर्मनीच्या वालाउ-मासेनहाइमला अंतिम फेरीत हरवून त्याने लागोपाठ दोनदा युरोपियन चषक, म्हणजे युरोपातील क्लबांचा सर्वोच्च चषक, जिंकला, आणि तोही देश युद्धात होरपळत असताना. त्यानंतर १९९५, १९९७, १९९८ आणि १९९९ अशा चार अंतिम फेऱ्या तो हरला. त्यांतील शेवटच्या तिन्ही बार्सिलोनाकडून. प्रायोजक बदलला की नावही बदलते, त्यामुळे जुन्या निकालांत हाच क्लब कधी बादेल १८६२, कधी क्रोआत्सिया बांका, कधी क्रोआत्सिया ओसिगुराञे, तर पुढे पीपीडी झाग्रेब या नावाने आढळतो आणि नवख्या वाचकाला ते चार निराळे क्लब वाटतात. इतके सांगून मी झाग्रेब बाजूला ठेवते, कारण हा चषक क्रोएशियाच्या भूमीवर सर्वांत आधी आणणारे गाव झाग्रेब नव्हते.

ते गाव ब्येलोवार. झाग्रेबच्या पूर्वेला सुमारे ऐंशी किलोमीटरवर, बिलोगोरा टेकड्यांजवळ, मक्याच्या आणि दूधदुभत्याच्या मुलखात ते वसले आहे आणि आसपासची खेडी धरूनही त्याची वस्ती आज चाळीस हजारांच्या आत आहे. येथील क्लब १९५५ साली स्थापन झाला. क्रोएशिया युगोस्लाव्हिया या देशाचा भाग होता, त्या काळात त्याचे नाव पार्टिझान ब्येलोवार असे होते. बेलग्रेडच्या पार्टिझानशी त्याची गल्लत करू नये. स्थापनेनंतर तीनच वर्षांनी, १९५८ साली, या क्लबने युगोस्लाव्हियाचे विजेतेपद मिळवले आणि पुढे १९६१, १९६७, १९६८, १९७०, १९७१, १९७२, १९७७ व १९७९ साली ते पुन्हा पुन्हा मिळवले. ही नऊ विजेतेपदे झाली. युगोस्लाव लीगच्या संपूर्ण इतिहासात एवढी विजेतेपदे दुसऱ्या कोणत्याही क्लबच्या नावावर नाहीत, झाग्रेबच्याही नाहीत.

युरोपियन चषकाच्या अंतिम फेरीत हा क्लब प्रथम १९६२ साली पोहोचला आणि जर्मनीच्या ग्योपिंगनकडून ११-१३ असा हरला. दहा वर्षांनी, १९७२ साली, डॉर्टमुंडमध्ये त्याची गाठ व्हीएफएल गुमर्सबाखशी पडली. आधीची दोन्ही वर्षे हा चषक गुमर्सबाखकडेच होता आणि सामना जर्मनीतच होता. ब्येलोवारने तो १९-१४ असा जिंकला. त्याच वर्षी म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये सात खेळाडूंचे, बंदिस्त सभागृहातील हँडबॉल पहिल्यांदा खेळले गेले आणि सुवर्णपदक युगोस्लाव्हियाने पटकावले. त्या संघाचा कर्णधार ह्र्वोये होर्वात ब्येलोवारचाच सुपुत्र, आणि त्याच्यासोबत याच क्लबचा मिरोस्लाव प्रिबानिचही होता. १९७३ साली ब्येलोवार पुन्हा अंतिम फेरीत गेले व मॉस्कोच्या माइ संघाकडून २३-२६ असे हरले. पंचवीस वर्षांच्या आत तालुक्याच्या ठिकाणाएवढ्या एका गावाने हे सारे केले.

आता आपले विधान या पार्श्वभूमीवर तपासा. ज्या गुमर्सबाखला ब्येलोवारने हरवले, तेही सुमारे पन्नास हजार वस्तीचे गाव आहे. ग्योपिंगनही फार मोठे नाही. १९८५ आणि १९८६ साली युरोपियन चषक जिंकणारा मेतालोप्लास्तिका क्लब सर्बियातील शाबात्स या मध्यम गावाचा. महिलांमध्ये १९९६ साली क्रोएशियाला हा चषक मिळवून दिला तो कोप्रिव्नित्साच्या पोद्राव्काने, आणि कोप्रिव्नित्सा ब्येलोवारहूनही लहान आहे. २००० साली ईएचएफ चषक (युरोपियन हँडबॉल महासंघाची दुसरी एक क्लब स्पर्धा) जिंकणारे मेत्कोविच हे नेरेत्वा नदीच्या मुखाजवळचे गाव तर त्याहूनही लहान. मोठा संघ मोठ्या शहरातच होतो, हे विधान हँडबॉलच्या बाबतीत साफ चुकीचे आहे, आणि ते अनुभवी माणसांच्या तोंडून ऐकले की मला अधिकच राग येतो.

त्या रागाचे कारण सांगते. आमच्या तालुक्याच्या गावातील शाळेत हँडबॉलचा संघ होता आणि मी त्याची गोलरक्षक होते. मैदान मुरमाचे होते. रेषा आम्हीच फक्कीने आखत असू आणि गोलाची जाळी फाटली की बाजारपेठेतून सुतळी आणून शिवत असू. आमच्या क्रीडाशिक्षकांनी, म्हणजे सरांनी, पाचवीपासून एकत्र खेळणाऱ्या बारा मुलींचा संघ बांधला होता. कोण कोठे पळणार हे आम्हाला पाहावे लागत नसे. माझ्या हातातून चेंडू सुटला की डाव्या बाजूची मुलगी तेथे असणारच, हे मी डोळे मिटूनही सांगू शकले असते. आठवीत आम्ही जिल्ह्यात पहिल्या आलो, नववीत विभाग जिंकून राज्य स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेलो आणि तेथे एका गोलने हरलो.

ती हार मला सलत नाही. सलते ते त्यानंतरचे. शहरातील एका निवासी प्रशिक्षण केंद्राने आमच्या संघातील तीन मुलींना बोलावले. सरांनी त्यांच्या घरी जाऊन पालकांची समजूत काढली, कागदपत्रे करून दिली आणि जूनमध्ये त्यांना स्वतः एसटीने सोडून आले. उरलेल्या नऊ जणींना दहावीच्या वर्षी जिल्ह्याची पहिली फेरीही ओलांडता आली नाही, आणि त्यानंतर त्या शाळेत मुलींचा संघ पुन्हा उभा राहिला नाही. मी सरांना तेव्हाच विचारले होते की तीन मुली तेथे पाठवण्याऐवजी तेथील एक प्रशिक्षक आठवड्यातून दोनदा येथे का येऊ शकत नव्हता? सरांचे म्हणणे असे की गुणवत्ता असलेल्या मुलीला लहान गावात ठेवणे म्हणजे तिच्यावर अन्याय. चांगले सभागृह, चांगला आहार आणि बरोबरीच्या प्रतिस्पर्धी शहरातच मिळतात. हा वाद आमच्यात दर दिवाळीला दूरध्वनीवर होतो. त्यात कटुता नाही, परंतु माघारही कोणी घेतलेली नाही.

पुढे नोकरीनिमित्त मी तीन वर्षे झाग्रेबमध्ये राहिले. क्रोएशियन भाषेत या खेळाला रुकोमेट म्हणतात. रुका म्हणजे हात आणि मेट म्हणजे फेक. मला तेथे इतर फारसे शब्द येण्याआधी तो शब्द आला. वसंत ऋतूतील एका शनिवारी मी आगगाडीने ब्येलोवारला गेले. २०१९ च्या अखेरीस ग्रादेत्स ते स्वेती इव्हान झाब्नो हा नवा लोहमार्ग सुरू झाल्यापासून झाग्रेबहून हा प्रवास बराच सोपा झाला आहे. ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया थेरेसा हिच्या काळात, १७५६ साली, लष्करी ठाणे म्हणून वसवलेले हे गाव असल्याने त्याचे रस्ते काटकोनात आखलेले आहेत आणि मधोमध झाडांनी भरलेला मोठा चौक आहे. त्या गावाच्या क्रीडागृहाचे नाव ‘द्वोराना एउरोप्स्किह प्र्वाका’, म्हणजे युरोपविजेत्यांचे सभागृह, असे आहे. एका चषकाची आठवण गावाने आपल्या सभागृहाच्या दारावर कोरून ठेवली आहे, हे पाहून मी काही वेळ बाहेरच उभी राहिले.

आत बारा-तेरा वर्षांच्या मुलींचा सामना चालला होता. प्रेक्षकांत बहुतेक आया, आजोबा आणि धाकटी भावंडे होती. गोलरक्षक मुलगी हात फार खाली ठेवत होती. मलाही तीच खोड होती आणि ती मोडण्यासाठी सर मला भिंतीला पाठ लावून शंभर-शंभर वेळा हात वर करायला लावत. तिच्या प्रशिक्षकाने मध्यंतरात तिला नेमके तेच करायला लावले. माझ्या उजव्या हाताची करंगळी अजूनही वाकडी आहे; ती मी नकळत चोळत बसले होते. शेजारच्या आजोबांनी ती पाहिली आणि एक शब्दही न बोलता आपल्या दोन वाकड्या करंगळ्या माझ्यासमोर धरल्या.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या सभागृहात दिसले. हा देश या खेळात पुढे गेला तो शाळेच्या व्यायामतासिकेतून आणि गावोगावच्या उघड्या मैदानांतून. हँडबॉलला महागडे साहित्य लागत नाही. चेंडू, दोन गोल आणि चाळीस बाय वीस मीटर जागा पुरते. म्हणूनच लहान गावे यात फुटबॉलपेक्षा लवकर वर येऊ शकली. १९९६ साली अटलांटात स्वीडनला २७-२६ असे हरवून मिळवलेले ऑलिंपिक सुवर्ण, २००३ सालचे विश्वविजेतेपद आणि २००४ सालचे अथेन्सचे सुवर्ण ही त्या पायावरची इमारत आहे. होर्वातचा मुलगा, त्याचेही नाव ह्र्वोये, पुढे क्रोएशियाच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. दोन पिढ्यांची ही साखळी एकाच गावातून निघाली आहे.

म्हणून आपण क्लबांचा अभ्यास करत असाल तर केवळ चषकांची संख्या मोजू नका, कोणत्या खेळाडूने कोणत्या गावी खेळाला सुरुवात केली हेही पाहा. आणि आपण स्वतः कोठे मुले शिकवत असाल, तर सोळाव्या वर्षापर्यंत त्यांना एकत्र, आपापल्या गावी खेळू द्या. प्रशिक्षकाने प्रवास करावा, मुलांनी नव्हे. संघ म्हणजे तीन उत्तम खेळाडूंची बेरीज नसते, हे मी सरांना सांगत आले आहे.

मात्र दुसरी बाजू लिहिली नाही तर हे उत्तर प्रामाणिक राहणार नाही. ब्येलोवारचे शेवटचे युगोस्लाव विजेतेपद १९७९ सालचे आहे. त्यानंतर ते शिखर त्या गावाला पुन्हा गाठता आले नाही, आणि झाग्रेबने १९९२-९३ मध्ये जे केले ते ठिकठिकाणचे चांगले खेळाडू एका शहरात एकवटल्याशिवाय झाले नसते. आमच्या तीन मुलींपैकी एक क्रीडा आरक्षणातून पोलीस दलात लागली आणि आज तिचे सगळे घर तिच्या पगारावर उभे आहे. गावात राहिली असती तर तिला त्यासाठी लागणारे खेळाचे प्रमाणपत्र मिळाले नसते, हे मलाही मान्य करावे लागते.

ब्येलोवारच्या सभागृहाच्या पाटीचे छायाचित्र मी त्याच संध्याकाळी सरांना पाठवले आणि खाली १९७२ च्या अंतिम सामन्याचा निकाल लिहिला. रात्री त्यांचा फोन आला. अभिनंदनाचे चार शब्द झाल्यावर त्यांनी विचारले की आज जो सामना तू पाहिलास, त्यातील किती मुली अठराव्या वर्षीही त्याच गावाकडून खेळत असतील? ते मी तेथे कोणालाच विचारले नव्हते. यंदा पुन्हा जाणार आहे, तेव्हा विचारून येईन.