ऑटोमॅटिक ट्रान्समिशन थंडीत स्लिप होतंय. जास्त चाललेल्या गाडीचं फ्लुइड बदलावं की नाही?

बदला. आणि त्यासाठी उन्हाळ्याची वाट बघत बसू नका.

"जास्त चाललेल्या गाडीचं ट्रान्समिशन ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो" असं मित्राने सांगितलं म्हणून तुम्ही घाबरलात. हेच वाक्य मी इथे अमेरिकेत, मिनेसोटात घरच्याच माणसाच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकतोय, म्हणून राहवलं नाही.

आधी तुमच्या गाडीचं बघू. कॅनडातल्या एडमंटनची थंडी, सव्वादोन लाख किलोमीटर झालेले, सकाळी डी (पुढे जायचा गिअर) टाकल्यावर दोन-तीन सेकंद गाडी ढिम्म, मग धक्का मारून निघते आणि गरम झाली की व्यवस्थित चालते. असं असेल तर पहिला संशय सीलवर. क्लच दाबणाऱ्या पिस्टनला रबरी सील असतात. वर्षानुवर्षं तापून ते कडक होतात, गारठ्यात आणखी आखडतात आणि ऑइलचं प्रेशर त्यांच्या कडेने निसटतं. गरम झाले की नरम पडतात, मग प्रेशर धरतं. त्यात ऑइल घट्ट झालेलं, फिल्टर चोंदलेला, म्हणजे पंपाला धड ओढताही येत नाही. लेव्हल कमी असेल तर विचारूच नका, ऑइल थंडीत आकसतं आणि पंप हवा खेचतो. म्हणून सगळ्यात आधी लेव्हल बघा. बहुतेक गाड्यांत ती ऑइल गरम असताना, इंजिन चालू ठेवून बघतात. होंडात इंजिन बंद करून.

गल्लत एका गोष्टीत होते. पहिली काही मिनिटं गिअर उशिरा पडणं, आरपीएम चढलेला राहणं, याला स्लिप म्हणत नाहीत. ऑइल थंड असताना कॉम्प्युटर मुद्दाम गिअर धरून ठेवतो, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक होऊ देत नाही. आरपीएम चढतोय पण वेग वाढत नाही, ते स्लिप.

आता आमच्या साडूंची गोष्ट. त्यांच्याकडे सात सीटची व्हॅन होती. जानेवारीत इथे पारा उणे २० फॅरनहाइटला जातो, म्हणजे उणे २९ सेल्सियस. सकाळी रिव्हर्स टाकायचा, इंजिन ओरडायचं आणि गाडी ड्राइव्हवेत जागची हलायची नाही. दोन हिवाळे हे चाललं. मी पहिल्याच हिवाळ्यात म्हटलं होतं, पॅन (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं ताट) काढून बघू. साडूंचं उत्तर ठरलेलं, "सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले लाइफटाइम फ्लुइड आहे, हात लावायचा नाही." दुसऱ्या हिवाळ्यात थर्ड गिअरही सुटायला लागला, तेव्हा स्वतःच गाडी माझ्या गॅरेजात घेऊन आले.

पॅनचे एका बाजूचे बोल्ट सैल केले तसं कोपऱ्यातून ऑइल यायला लागलं. लाल असायला हवं ते काळं, आणि वास असा की घाटात लोड भरलेल्या ट्रकमागे अडकल्यावर येतो ना जळक्या क्लचचा, तसाच. पॅनच्या तळाला मॅग्नेट असतो. त्यावर करड्या रंगाचा बारीक लेप असणं नॉर्मल आहे. इथे बोटाने पुसल्यावर लेपाखाली धातूचे चकचकीत कपचे निघाले. मी तिथेच साडूंना दाखवलं आणि सांगितलं, "फिल्टर आणि ऑइल बदलतो, पण आत क्लच खाल्ले गेलेत. हा गिअरबॉक्स जाणार." ते हो म्हणाले. ऑइल बदलल्यावर रिव्हर्स चटकन पडायला लागला, हिवाळा निघाला, उन्हाळाही निघाला. पुढच्या थंडीच्या तोंडावर आय-९४ हायवेवर थर्ड कायमचा गेला.

तेव्हापासून प्रत्येक गणपतीत, आरतीनंतर पानं मांडली की साडूंचं सुरू, "यांनी ऑइल बदललं आणि आमची गाडी गेली." रिबिल्ड करणाऱ्याने गिअरबॉक्स उघडला तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो होतो. सील नखाने दाबत नव्हते, वाकवले की चिरत होते. थर्डच्या क्लच प्लेटवर अस्तर नावालाही उरलं नव्हतं. हे त्या नव्या ऑइलने केलं? साडू आले नाहीत. मी काढलेले फोटोही त्यांनी पाहिले नाहीत.

ही अफवा टिकते याचं कारण सोपं आहे. लोक ऑइल बदलतात कधी? गाडी स्लिप व्हायला लागल्यावर. मग गिअरबॉक्स गेला की नाव ऑइलवर. आणि "लाइफटाइम"चं म्हणाल तर झेडएफ कंपनीचा ८ गिअरचा बॉक्स घ्या. तो आपल्या गाड्यांत घालणाऱ्या काही कार कंपन्या लाइफटाइम म्हणतात, आणि तो बनवणारी झेडएफ स्वतः सांगते की ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांत ऑइल बदला. कोणाचं ऐकायचं?

बदलताना प्रेशर फ्लश (मशीनने दाब देऊन जुनं ऑइल ढकलून काढणं) करू देऊ नका. पॅन काढा, फिल्टर आणि गास्केट नवं घाला, निघालं तेवढं भरा. टॉर्क कन्व्हर्टरमधलं निघत नाही, म्हणून थोड्या-थोड्या अंतराने पुन्हा करा. १० लिटरच्या बॉक्समधून दर वेळी ४ लिटर निघालं तर तिसऱ्या खेपेनंतर जुनं जेमतेम दोन लिटर उरतं. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. टोयोटाला डब्ल्यूएस नावाचं ऑइल लागतं तर डब्ल्यूएस, क्रायस्लरला एटीएफ+४ तर तेच. सगळ्या गाड्यांना चालणाऱ्या बाटल्या मी माझ्या गाडीत घालत नाही. जीएमची (जनरल मोटर्स) डेक्स्रॉन थ्री ऑइलवाली गाडी असेल तर डेक्स्रॉन सिक्स घाला, ते पातळ आहे, थंडीत लवकर वाहतं. पॅनला चिकटवायचे हीटिंग पॅड तुमच्याकडे मिळतात, तेही लावा.

हे सगळं गाडी फक्त थंड असतानाच सुटत असेल तर. गरम झाल्यावरही सुटत असेल आणि ऑइल जळकं असेल तर ऑइलवर पैसे घालू नका, रिबिल्डसाठी ठेवा. कडक झालेले सीलही नव्या ऑइलने नवे होत नाहीत, फक्त दिवस लांबतात. सीव्हीटी (गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारी ऑटोमॅटिक) असेल तर तिचं ऑइलच वेगळं, एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल) चुकूनही घालू नका. आणि भारतातून कोणी वाचत असेल आणि गाडी एएमटी असेल, तर तो मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, यातलं काही लागू नाही.

पॅन उतरवताना त्या मित्राला बोलावून शेजारी उभं करा. मॅग्नेट त्याच्या हातात द्या आणि काय बोलायचं ते तेव्हाच बोलून घ्या.